एकशे सत्याऐंशीचा कागद

"रुळाकडे नका पाहू, बाई. खडीकडे पाहा," उकंडा तायडे म्हणाला.

मालगाडी आमच्यापासून दहा-बारा पावलांवरून धडधडत जात होती. मी वाकून खडीकडे पाहिलं. चाक वरून गेलं की रुळांखालचे आडवे स्लीपर खाली दबत आणि चाक पुढे गेलं की वर येत. थोडे सगळीकडेच दबतात. पण इथल्या पाच-सहा स्लीपरांखालून दर वेळी काळं पाणी खडीच्या फटींतून वर येत होतं आणि पुन्हा आत जात होतं. शेजारच्या शेतात गव्हाला पाट सोडलेला होता. गाडी निघून गेल्यावर मी पुढे झाले. खडी चिखलानं माखलेली होती. बोटं घातली तर गार लागली.

"हे कधीपासून आहे?"

"म्या या टापूवर आलो तवापासून. चौदा साल झाले. खडी टाकतात, ठोकतात, महिना-दोन महिने बरं राह्यते. मंग पुन्हा माती वर येते. काळी माती हाये न, बाई. खडी गिळते ते."

"वर कळवलं होतंत?"

"सांगतलं न. सायबानं लिहूनई घेतलं. रोजच्या गाड्यायले इथं काई होत नाई. एकशे पाचनं येतात, चालल्या जातात. पण तुमची उद्याची गाडी..." तो थांबला. "कितीनं जाणार हाये जी?"

"एकशे पंच्याऐंशी."

उकंडा चावीवाला होता. रोज सकाळी सहा किलोमीटर रूळ पायी तपासायचा आणि रूळ धरून ठेवणाऱ्या, सैल झालेल्या चाव्या हातोड्यानं ठोकून बसवायच्या, हे त्याचं काम. आकडा ऐकून त्यानं हातोडा खांद्यावर घेतला, लाल झेंडी काखेत धरली आणि तो वडजीच्या दिशेनं चालू लागला. वीसेक पावलं गेल्यावर वळून म्हणाला, "तुमी शिकलेल्या हा. तुमाले समजते."

ही गोष्ट एकोणनव्वद सालच्या फेब्रुवारीतली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि रेल्वेगाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या एका संस्थेत नोकरीला होते. आमचे वरिष्ठ होनपसर यांनी अकरा वर्षं खपून डब्याखालचा चाकांचा नवा सांगाडा तयार केला होता. आमच्याकडे त्याला बोगी म्हणतात. ती बोगी लावलेले डबे रोजच्या वाहतुकीत ताशी एकशे साठ किलोमीटरनं पळावेत, अशी त्यांची इच्छा होती. नियम असा की ज्या वेगानं गाडी रोज चालवायची, त्याच्यापेक्षा दहा टक्के जास्त वेगानं ती आधी पळवून दाखवायची. म्हणजे एकशे शहात्तर. होनपसरांनी त्याच्याही पुढे एकशे नव्वदपर्यंत जाण्याची परवानगी मिळवली होती आणि एकशे पंच्याऐंशी गाठायचं ठरवलं होतं. आमच्या संस्थेचा तोवरचा सर्वांत मोठा वेग एकशे अठ्ठ्याहत्तर होता. तो मोडायचा आहे, असं कुणी उघड बोलत नव्हतं. पण चहावाल्यापासून सगळ्यांना ते माहीत होतं. सर पाच आठवड्यांनी निवृत्त होणार होते.

वडजी ते आसरखेड हा चोवीस किलोमीटरचा सरळ टापू आम्हाला मिळाला होता. रोज अकरा ते एक इतर गाड्या थांबवायच्या आणि आमची गाडी पळवायची. इंजिन, त्याच्यामागे यंत्रांचा डबा आणि त्याच्यामागे तीन डबे. यंत्रांच्या डब्यात मी बसायचे. समोर कागदाची रुंद गुंडाळी सरकत असे आणि तिच्यावर पेनं रेघा काढत. एक पेन वेगाचं. दोन पेनं डबा आडवा किती जोरात फेकला जातो त्याची, एक पुढच्या चाकांवरचं, एक मागच्या. त्यांची मर्यादा कागदावरच्या मापानं तीस. रेघ तिसाच्या वर गेली की माझ्या उजव्या हाताशी असलेला फोन उचलायचा आणि ड्रायव्हरला सांगायचं, वेग कमी करा. कुणाला विचारायचं नाही, आधी सांगायचं. कामावर रुजू झाले तेव्हा होनपसरांनी हा नियम माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला होता.

तोवर एकशे साठपर्यंतच्या फेऱ्या झाल्या होत्या. चारशे बारा किलोमीटरच्या दगडापाशी पुढचं पेन दर वेळी थोडं जास्त हलायचं. एकशे चाळीसला एकोणीस, एकशे पन्नासला बावीस, एकशे साठला पंचवीस. म्हणून मी ती जागा पाहायला गेले होते.

दुपारी मी सगळं होनपसरांना सांगितलं. ते वडजी स्टेशनच्या विश्रांतिगृहात जेवायला बसले होते. त्यांनी ताट तसंच सरकवलं आणि रेल्वेच्या तिथल्या विभागाच्या माणसाला बोलावून घेतलं. तासाभरात वीस माणसं तिकडे गेली. चिखल झालेली खडी उपसली, नवी भरली, ठोकली. संध्याकाळी तासाभराची खास परवानगी काढून आम्ही एकशे साठनं आणखी एक फेरी घेतली. पंचविसाचे एकवीस झाले होते.

सरांनी कागद माझ्यासमोर धरला. "तुझं काय मत?"

"चांगलं आलंय, सर."

"ते मला दिसतंय. उद्याचं विचारतोय. एकशे पंच्याऐंशीला किती येईल?"

मी हिशेब केला होता. अठ्ठावीस, फार तर एकोणतीस. पण तो हिशेब नव्या खडीचा होता, आणि नवी खडी रात्रीतून किती बसेल हे मला माहीत नव्हतं. दोन दिवस थांबून पुन्हा मोजायला हवं होतं. पण गाड्या थांबवण्याची परवानगी उद्यापर्यंतचीच होती. पुन्हा मिळायला वर्ष लागलं असतं.

"तिसाच्या आत," मी म्हणाले.

"नक्की?"

"आत राहील, सर."

त्यांनी मान हलवली. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्यांना माझ्याकडून दुसरं उत्तर हवं होतं की काय कोण जाणे. पण मला दुसरं उत्तर द्यायचं नव्हतं. संस्थेत मी एकटी मुलगी. मला बाहेरच्या कामाला न्यायला कुणी तयार नसायचं. राहण्याची सोय नाही, हे कारण. होनपसर म्हणाले होते, "सोय हिची ही करेल, हिला पेनं वाचता येतात." त्या माणसाला जाताना तो आकडा मिळावा असं मला मनापासून वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर त्या कागदावर कोपऱ्यात माझी सही असणार होती, तेही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी आम्ही वडजी सोडलं. इंजिनावर बारसे नावाचे ड्रायव्हर होते. पन्नाशीचे, कमी बोलणारे. होनपसर त्यांच्याजवळ इंजिनात उभे राहणार होते, पण ऐन वेळी विभागाचे मोठे साहेब आले आणि सरांना त्यांच्याबरोबर शेवटच्या डब्यात बसावं लागलं. यंत्रांच्या डब्यात मी आणि कागदाच्या गुंडाळ्या बदलणारा एक मदतनीस, एवढेच होतो.

एकशे वीस. एकशे चाळीस. मागच्या डब्यातली बडबड बंद झाली. एकशे साठच्या पुढे गाडीचा आवाजच बदलला. खडखड थांबून एकसारखा घुमणारा सूर लागला. खिडकीबाहेर तुरीच्या काटक्या, विहीर, बैल काही वेगवेगळं दिसेना. पेनं शांत होती. चौदा, सोळा, पंधरा. सरांची बोगी इतकी सुंदर चालली होती की मला हसू येत होतं. एकशे शहात्तर झाले. मदतनिसानं माझ्याकडे पाहून बोट वर केलं. एकशे ऐंशी. एकशे पंच्याऐंशी. बारसेंचा आवाज फोनच्या कर्ण्यातून आला, "एकशे सत्याऐंशी. धरून ठेवतो."

मागच्या डब्यात टाळ्या वाजल्या. तेवढ्यात चारशे बाराचा दगड गेला.

डबा आडवा हलला. फार नाही. टेबलावरची पेन्सिल घरंगळून खाली पडली, इतकंच. पण पुढचं पेन उसळलं, दुसरीकडे गेलं, पुन्हा उसळलं आणि हळूहळू शांत झालं. मी पट्टी लावायच्या आधीच मला कळलं होतं. तरी लावली. चौतीस.

फोन माझ्या हाताशी होता. मी त्याच्याकडे पाहिलं. ती जागा तर गेली, असं मी मनात म्हटलं. आता सांगून काय उपयोग? पुढे रूळ चांगला आहे. गाडी एकशे सत्याऐंशीनं आणखी दोन किलोमीटर पळाली आणि मी फोन उचलला नाही.

मग बारसेंनी वेग उतरवायला सुरुवात केली. आसरखेड यायला पाच-सात मिनिटं होती. दार उघडून होनपसर आत आले. टोपी हातात, केस विस्कटलेले, आणि चेहरा असा की मी त्यांना कधी तसं पाहिलं नव्हतं. लग्नघरातल्या माणसासारखे दिसत होते.

"पाहू," ते म्हणाले.

मी कागद पुढे केला. ते रेघेवरून बोट फिरवत आले, चौदा, सोळा, एकशे शहात्तरला सतरा. आणि चारशे बारापाशी बोट थांबलं.

"हे काय?"

मी म्हणाले, "सर, पेन अडखळलं असेल. पुढचं पेन सकाळपासून नीट चालत नाहीये."

ते खोटं होतं. सकाळी मी स्वतः ते पेन काढून धुतलं होतं, शाई भरली होती, चार वेळा चालवून पाहिलं होतं. मदतनीस शेजारीच उभा होता. तो खिडकीबाहेर पाहू लागला.

होनपसरांची नजर मागच्या पेनाच्या रेघेवर गेली. तिथे अठ्ठावीस होते. मर्यादेच्या आत. मागच्या डब्यात कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. मला वाटलं, झालं. आता ते मान हलवतील, मी कागद गुंडाळीन.

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, वाकले आणि पुढच्या पेनाच्या रेघेवर टिंबं द्यायला सुरुवात केली. चौतीस. एकोणतीस. तेवीस. अठरा. चौदा.

"पेन अडखळलं की एकदाच उसळतं," ते हळूच म्हणाले. "हे पाच वेळा हललंय. ओळीनं, कमी कमी होत. हा डबा हललाय."

"पण सर, मागच्या पेनावर अठ्ठावीसच आहेत. आणि चूक रुळाची आहे, आपल्या बोगीची नाही. तो एक तुकडा सोडला तर चोवीस किलोमीटरमध्ये कुठेही..."

"चोवीस किलोमीटरमध्ये तो तुकडा होता ना?"

"होता."

"मग? उद्या माणसं बसवून गाडी न्यायची, तेव्हा रुळाला सांगणार का, तू नीट राहा म्हणून?"

गाडी आसरखेडच्या फलाटात शिरत होती. फलाटावर झेंडूचे हार घेऊन माणसं उभी होती. पेढ्यांचं खोकं उघडलेलं दिसत होतं.

सर उतरले ते सरळ इंजिनाकडे गेले. मी कागद घेऊन मागोमाग गेले. बारसे खाली उतरून पाणी पीत होते.

"बारसे, चारशे बाराला काय वाटलं?"

बारसेंनी पाण्याचा पेला ठेवला. मागे येणाऱ्या साहेबांकडे एकदा पाहिलं. "तुम्ही नसतं विचारलं, तर मी काही बोललो नसतो, साहेब."

"मी विचारतोय."

"इंजिन एका अंगाला गेलं. परत आलं. परत येईपर्यंत मी श्वास घेतला नाही. बस, एवढंच."

तोवर मोठे साहेब पोचले. त्यांच्यामागे हारवाले. साहेबांनी हार घेतला आणि सरांच्या गळ्यात घालायला दोन्ही हात वर केले. होनपसरांनी त्यांचे हात वरच्या वर धरले.

"राहू द्या, साहेब. चाचणी नापास झाली."

"म्हणजे? एकशे सत्याऐंशी झाले ना?"

"झाले. पण चौतीस आले. मर्यादा तीस आहे."

"अहो, पण कुणाला काही झालं का? सगळे धडधाकट उतरलो आपण."

"आज उतरलो," सर म्हणाले.

साहेबांनी मला विचारलं, "पोरी, तुझ्या यंत्रात काही बिघाड नाही ना?"

सर माझ्याकडे पाहत नव्हते. ते चष्मा पुसत होते. मला खरं बोलायची संधी देत होते की काय, हे मला तेव्हाही कळलं नाही. मी म्हणाले, "नाही, साहेब. यंत्र चांगलं आहे."

हार कुणाच्याच गळ्यात पडला नाही. पेढे मात्र आणले होते म्हणून वाटले गेले. सरांनी एक घेतला, खाल्ला, आणि फलाटावरच्या बाकावर बसून अहवालाचं पहिलं पान लिहायला घेतलं. "वेग १८७ गाठला. आडवा हेलकावा मर्यादेबाहेर. हा वेग ग्राह्य धरू नये." खाली सही. मग कागद माझ्याकडे दिला. मी सही केली.

फोन का उचलला नाहीस, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. परतीच्या प्रवासातही नाही. त्या पाच आठवड्यांत कधीच नाही.

ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणांत त्यांच्या शिस्तीबद्दल पुष्कळ बोललं गेलं, आकड्याबद्दल कुणी बोललं नाही. नव्या डब्यांना तेव्हा एकशे चाळीसचीच परवानगी मिळाली. चारशे बाराची जागा त्या उन्हाळ्यात खोल खणली गेली. मी मुद्दाम गेले होते. उकंडाही उभा होता. मला वाटलं होतं, खाली काहीतरी भयंकर सापडेल, तडकलेला रूळ, खचलेली मोरी. तसं काहीच निघालं नाही. जुन्या ओढ्याची काळी माती होती, आणि तिच्यात पिढ्यांपिढ्यांची खडी रुतलेली होती. आणखी एकदा एकशे सत्याऐंशीनं गेलो असतो तर काय झालं असतं? काहीच झालं नसतं, असंही असेल. ते कुणालाच सांगता आलं नाही. उकंडा खड्ड्यात डोकावून म्हणाला, "पाहा जी, किती गिळली हिनं!" आणि आपल्या कामाला लागला.

दोन वर्षांनी दुसऱ्या एका अधिकाऱ्यानं दुसऱ्या टापूवर तीच चाचणी घेतली. बोगी पास झाली. अहवालावर होनपसरांचं नाव नव्हतं.

मी पुढे त्याच खात्यात वर चढत गेले. यंत्रांच्या डब्यातली माझी खुर्ची दुसऱ्यांना दिली. दर नव्या मुलाकडून किंवा मुलीकडून फोनचा नियम मी तीनदा म्हणवून घेत असे, आणि दर वेळी माझा आवाज थोडा चढत असे. का, ते कुणाला माहीत नव्हतं.

बारा वर्षांनी एका कामासाठी सांगलीला गेले होते. होनपसर मुलीकडे राहत होते. डोळ्यांनी अधू झाले होते, पण आवाजावरून त्यांनी मला लगेच ओळखलं. गॅलरीत आम्ही दोघं बसलो. इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हणाले, "सर, एक सांगायचंय. त्या दिवशी पेन अडखळलं असेल असं मी म्हणाले होते. ते खोटं होतं. पेन मी सकाळी धुतलं होतं. आणि चौतीस आलेले मी पाहिले होते, तरी फोन उचलला नाही."

त्यांनी मान हलवली. "मला माहीत होतं."

"मग तुम्ही मला कधीच बोलला का नाहीत?"

ते रस्त्याकडे तोंड करून बसले होते. त्यांना तिथलं फारसं काही दिसत नसावं.

"तू पेनाचं बोललीस ना," ते म्हणाले, "तेव्हा मी तुझं खरं मानलं."

"म्हणजे?"

"मानलं. अठ्ठावीस दिसले, आणि मनात म्हटलं, हो, पेनच अडखळलंय. लाटा दिसत होत्या मला. तरी मानलं. तीन-चार सेकंद असतील. मग पेन्सिल काढली." त्यांनी माझ्या दिशेला तोंड वळवलं. "एकशे सत्याऐंशीनं चार सेकंदांत गाडी किती जाते?"

मी मनात भागाकार केला. "दोनशे मीटर, सर. थोडे जास्तच."

"तेवढा मी गेलो होतो," ते म्हणाले. "तुला कुठल्या तोंडानं बोलू?"